सिगारचा संग्रह आणि आपला खाडीकाठचा पावसाळा

खाडीवारा (ठाणे पश्चिम)

पाऊस तोंडावर आला की व्यक्तिगत निरोपांत एकच विचारणा सुरू होते: ह्युमिडॉर (सिगार ठेवायची, आतला ओलावा राखणारी पेटी) कोणता घेऊ? दरवेळी तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर धागा काढतोय. दोन गोष्टी आधीच सांगतो. हा धागा जे आधीपासून या छंदात आहेत त्यांच्यासाठी आहे, कुणाला नवी सवय लावण्यासाठी नाही. आणि दुकानांची नावं, भाव, 'माझ्याकडे आहे, घेता का' असले प्रतिसाद इथे नकोत. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती मला मनापासून मान्य आहे.

आता मुद्दा. सिगार सांभाळण्याबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक थंड प्रदेशातल्या माणसांनी सांगितलेलं असतं. तिकडे हिवाळ्यात घरं तापवतात, घरातली हवा खडखडीत कोरडी होते, पान चुरचुरायला लागतं. त्यामुळे त्यांचा सगळा भर पेटीत ओलावा घालण्यावर असतो: स्पंज भिजवा, आतलं लाकूड ओल्या फडक्याने पुसा, पाणी संपलं की पुन्हा भरा. हेच कोणी जुलैत घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये केलं तर पेटीत बुरशी धरलीच म्हणून समजा. सिगारला साधारण ६२ ते ६९ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवा दिवसचे दिवस ८५-९० च्या आसपास असते. म्हणजे इथे पेटीने ओलावा द्यायचा नाही, बाहेरचा ओलावा अडवायचा. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय बदलतात.

पहिला बदल पेटीचाच. चकचकीत पॉलिशची लाकडी पेटी टेबलावर शोभून दिसते, पण तिचं झाकण पूर्ण हवाबंद नसतं आणि लाकूडही दमट हवा पीत राहतं. पावसाळ्याचे चार महिने माझा सगळा संग्रह रबरी कडेच्या, चारी बाजूंनी क्लिपा असलेल्या साध्या प्लास्टिकच्या डब्यांत असतो. नवा डबा धुऊन आठवडाभर उघडा ठेवायचा, प्लास्टिकचा वास पूर्ण गेला पाहिजे. तळाला स्पॅनिश सीडरची फळी. हे झाड देवदाराच्या नात्यातलं नाही, कडुनिंब आणि महोगनीच्या कुळातलं आहे, आपल्याकडचा तूण त्याचा जवळचा भाऊबंद. त्याच्या वासाशी सिगारचं चांगलं जमतं आणि ते थोडाफार ओलावा सामावूनही घेतं.

डब्यात दुहेरी काम करणारी पाकिटं टाकायची. बोवेडा कंपनीची ६२, ६५, ६९ अशा आर्द्रतेच्या आकड्यांची मिळतात. आत मिठाचं संपृक्त द्रावण असतं, आवरणातून फक्त वाफ ये-जा करते. हवा कोरडी झाली तर पाकीट ओलावा सोडतं, दमट झाली तर ओढून घेतं. तिकडच्या लोकांची पाकिटं वाळून कडक होतात. आपली पावसाळ्यात फुगून टम्म होतात. फार फुगलेलं पाकीट आणखी ओलावा घेऊ शकत नाही, ते बाजूला ठेवून दुसरं लावायचं. पावसाळ्यासाठी मी ६२ चीच वापरतो, कारण डबा उघडला की दर वेळी थोडी दमट हवा आत जातेच.

आणि आर्द्रतामापकाच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थेंब सोडत ओल्या वाळूसारखं होईपर्यंत कालवा. पाणी वर तरंगता कामा नये. ते झाकण आणि मापक एका छोट्या हवाबंद डब्यात घालून एक पूर्ण दिवस हलवू नका. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा भौतिक नियम आहे. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार कमी दाखवतो. डब्याच्या झाकणावर तसं लिहून ठेवा. नव्या, महागड्या मापकांतही हा फरक सर्रास निघतो.

आणखी एक. बाहेरचं पान फाटलं की 'कोरडा पडला' असं समजून लोक ओलावा वाढवतात. आपल्या हवेत बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं: आतलं पूरण ओलाव्याने फुगतं आणि वरचं पातळ पान ताण न सोसून चिरतं. सिगार दोन बोटांत धरून हलकेच दाबा. चिरलेला असूनही तो गच्च, फुगीर लागला तर ओलावा जास्त झालाय. असा सिगार ओढायला जड जातो, एका बाजूने जळत जातो आणि सारखा विझतो. कोरडा असेल तर दाबताना पानाचा बारीक कुरकुर आवाज येतो. जाड सिगारला ओलावा सोडायला वेळही जास्त लागतो. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५० चा रोबुस्टो (आखूड, जाड सिगार) म्हणजे व्यास जवळपास २० मिलिमीटर, ३८ चा लान्सेरो (लांब, बारीक) १५. जादा ओलावा उतरायला पाच-सहा आठवडे धीर धरा, रोज डबा उघडून बघू नका.

नेरूळचा_नवखा

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. खाडीवारा, नेमकी अडचण विचारतो. मला भेट मिळालेल्या पेटीत काही सिगारांवर पांढुरकं काहीतरी आलंय. एक मित्र म्हणतो हे चांगल्या सिगारचं लक्षण आहे, आतलं तेल वर येऊन स्फटिक होतात. खरं का?

खाडीवारा

तुमची पेटी पावसाळ्यात इथल्याच हवेत होती ना? मग ती बुरशीच समजा. या 'तेलाच्या स्फटिकां'ची ख्याती फार आहे, पण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा बुरशीच निघाली आहे. ठिपक्याठिपक्यांनी आली असेल, कापसासारखी उठून दिसत असेल, निळसर-हिरवट झाक असेल तर शंका घ्यायलाच नको. आणि पेटवायचं टोक बघा. आतल्या पानांच्या घड्यांत पांढरं दिसलं की तो सिगार सरळ फेकायचा. नुसती वरवर असली तरी बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, पेटी रिकामी करून कोरड्या हवेत ठेवा. बुरशीचा धूर छातीत जाऊ देण्याइतका कुठलाच सिगार मोलाचा नसतो.

मसाला_गल्ली (वाशी)

धागा फार उपयोगी, पण बुरशीइतकाच दुसरा शत्रू राहिला. आमचा एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये गाळा आहे, म्हणून तो माझ्या रोजच्या ओळखीचा. तांबूस तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा, मान खाली घातल्यासारखा वाकलेला किडा. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, इंग्रजीत त्याला सिगारेट बीटल म्हणतात. हाच आमच्या हळकुंडांना, धण्यांना, सुंठेला, मिरचीला लागतो. हळकुंड डंकलं की वर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसतात, हातात घेऊन टेबलावर आपटलं की पिवळी भुकटी झडते. सिगारवरही अगदी तशीच भोकं पडतात, फक्त भुकटी तपकिरी. पानात अंडी आधीच असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. ऊब मिळाली की ती फुटतात, आणि ऊब म्हणाल तर ठाणे-वाशीत बारा महिने आहे. थंड देशांत सिगार १८ ते २१ अंशांवर राहतात, म्हणून तिथे याचा उपद्रव कमी. आपल्याकडे मे महिन्यात बंद फ्लॅटमधलं कपाट ३३-३४ ला सहज जातं.

बाजारात यावर धुरी देतात, फॉस्फिनची. ती परवानाधारक माणसाने, सीलबंद गोदामातच द्यायची असते. कोणी घरात सल्फॉसची (हाच वायू सोडणारी) गोळी ठेवायचा विचार स्वप्नातही करू नका. त्या वायूने घरातली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो.

घरी उपाय एकच, गारठा. नवे सिगार आले की दोन जाड झिप पिशव्यांत, हवा काढून, आधी एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग निदान तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. पिशवी पूर्ण घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर वाफ थेट पानावर थिजते. एकदम गरमातून फ्रीझरमध्ये टाकलं तर पान तडकतं, म्हणून हे टप्पे. फ्रीझर उणे १८ च्या आसपास जात असेल तरच याचा उपयोग. दर तासाला उघडझाप होणाऱ्या फ्रीझरचा भरवसा नको. आणि एक विनंती: सिगारचा डबा आणि स्वयंपाकघरातली मसाल्याची बरणी एका कपाटात कधीच ठेवू नका. किडा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, दोन्ही बाजूंनी जातो.

खाडीवारा

मसाला_गल्ली, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं वजन वाढलं. हे हळकुंडाचं उदाहरण मी आता प्रत्येक नव्या माणसाला सांगणार. एवढीच पुरवणी: फ्रिज हा फक्त या प्रक्रियेपुरता. कायम साठवायला साधा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज वापरू नका, तो हवा फार कोरडी करतो आणि लसणाचा वास पानात उतरतो. पूर्ण उन्हाळा एसीच्या खोलीतलं आतल्या भिंतीचं, जमिनीजवळचं कपाट हीच आपल्याकडची सर्वात गार जागा. पश्चिमेच्या भिंतीला लागून काहीही ठेवू नका.

निपाणीकर_ऐरोली

मूळ गाव निपाणीकडचं, वाडवडील विडीच्या तंबाखूत. आमच्याकडे पान शेतातच कडक उन्हात वाळवतात. सिगारच्या पानाचं तसं नाही. ते सावलीत, मोठ्या खोपटांत दांड्यांवर ओवून टांगतात, सहा-आठ आठवडे हवेवर हळूहळू हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी होऊ देतात. क्युबात पिनार देल रिओ प्रांतातला वुएल्ता आबाहो भाग यासाठी गाजलेला. मग खरी कला: पानांचे मोठे ढीग रचून त्यांना स्वतःच्या उष्णतेवर आंबू देतात. ढिगाच्या पोटातलं तापमान चाळिशी ओलांडतं, सारखं तपासावं लागतं, वेळेवर ढीग मोडून आतली पानं बाहेर, बाहेरची आत अशी उलथापालथ करतात. यातून अमोनिया निघून जातो, तिखटपणा उतरतो. हे घाईत उरकलेलं असेल तर सिगार कितीही चांगल्या डब्यात ठेवा, नाकाला तो झणका लागणारच.

झाडावर पान कुठे आलं यावरही सगळं ठरतं. खालची पानं हलकी, ती जळायला मदत करतात, मधली वासाची, शेंड्याची ऊन खाल्लेली, जाड, तेलकट आणि कडक. त्यांना क्युबात अनुक्रमे व्होलादो, सेको, लिहेरो म्हणतात. लिहेरो नेहमी मधोमध घालतात कारण ते सावकाश जळतं. वरचं पान मात्र निराळ्या काळजीने वाढवतात. कनेक्टिकटमध्ये शेतावर कापडाचे मांडव घालतात. इक्वाडोरमध्ये ढगच एवढे असतात की मांडवाची गरज पडत नाही. आपल्या देशातही गोदावरीच्या पात्रातल्या बेटांवर, लंकांवर, चिरुटाची तंबाखू होते, आणि तिरुचिरापल्ली-दिंडुक्कलचे चिरूट ब्रिटिश काळात साहेबलोकांत नावाजलेले होते. परदेशी सिगारांच्या मागे लागलेल्या मंडळींनी हा आपला इतिहासही बघावा असं मला फार वाटतं.

कागदपट्टी (नेरूळ)

निपाणीकर दादा, सुंदर लिहिलंत. मी सिगार ओढत नाही, कधी ओढलाही नाही. मी जमवते ती सिगारभोवतीची कागदी पट्टी आणि रिकाम्या पेट्यांवरची चित्रं. एकोणिसाव्या शतकातली दगडी छपाई, सोनेरी वर्खाचा उठाव, पदकं, राजचिन्हं, ताडाची झाडं: पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत एवढं काम दुसरीकडे क्वचित बघायला मिळतं. क्युबन सिगारांच्या नावांत पार्टागास १८४५ चा, एच. उपमान १८४४ चा, त्यामुळे एकाच नावाच्या पट्टीत काळाप्रमाणे झालेले बारीक बदल लावून बघता येतात. कोहिबाची सुरुवात १९६६ ची, पण ती सगळ्यांसाठी बाजारात आली १९८२ मध्ये. तिच्या पट्टीवरच्या पांढऱ्या चौकोनांच्या ओळी बदलत गेल्या त्याचाच एक वेगळा कप्पा माझ्या वहीत आहे.

ओढणाऱ्या मंडळींना एक विनंती. पट्टी सुरुवातीलाच ओढून काढू नका. ती पानाला चिकटवलेली नसते, तिचं एक टोक दुसऱ्या टोकावर डिंकाने चिकटवलेलं असतं. सिगार पट्टीजवळ येईपर्यंत जळला की उबेने डिंक सैल होतो, मग जोडाखाली नख घालून अलगद सोडवा. पान फाटत नाही, पट्टीही अख्खी मिळते. नंतर टिपकागदात दाबून ठेवा. पावसाळ्यात माझ्या वह्यांमध्ये सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि सोनेरी पट्ट्या कधीच एकमेकींवर येत नाहीत, दमटपणाने रंग एकमेकांना धरतो.

सातवा_मजला (ठाणे)

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या खालच्या घरी रविवारी बाल्कनीत सिगार पेटतो. तो धूर तासभर वर येत राहतो, वाळत घातलेले कपडे, पडदे, बाळाची दुपटी, सगळ्याला वास. खिडक्या बंद केल्या तर घरात घुसमट. छंद त्यांचा, पण श्वास आमचा. धाग्यात साठवण्याचं एवढं लिहिलंय, ओढायचं कुठे हेही लिहा.

खाडीवारा

ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. बाल्कनीतला धूर आपल्याला दिसत नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. सोसायटीत ज्यांच्या डोक्यावर कोणाचंतरी घर आहे त्यांनी बाल्कनीत सिगार पेटवू नये, असं मी स्पष्ट म्हणतो. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कडक बंदी आहे, त्यामुळे लॉबी, जिना, क्लबहाउस हा पर्यायच नाही. येऊरला जाऊन तर अजिबात नको. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, उन्हाळ्यात एका ठिणगीने वणवा पेटतो. आमचा चार जणांचा गट एका मित्राच्या शेतावर जमतो, आजूबाजूला वस्ती नाही, लहान मुलं नसतात. तेवढं जमलं तर ओढायचं, नाहीतर डबा आहेच. तुमच्या खालच्या घरी हा प्रतिसाद जरूर दाखवा.

दंतवैद्य_खारघर

मीही कधीकाळी सिगारच्या शौकिनांत बसलो आहे, म्हणून दुरून उपदेश करत नाही. 'आम्ही धूर आत घेत नाही, त्यामुळे धोका नाही' हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकतो, ते चूक आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन फुप्फुसात न जाताही तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरतं. सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू, मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅमपर्यंत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी सिगारचा थेट संबंध सिद्ध आहे. सुरक्षित प्रमाण असं काही नसतं, कमी म्हणजे कमी धोका एवढंच.

ओढत असाल तर महिन्यातून एकदा आरशासमोर चांगल्या उजेडात गालांच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा बघा. खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं की दाखवायला उशीर करू नका. आपल्या खारघरलाच टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. आणि सिगारसोबत सुपारी किंवा दारू घेत असाल तर धोका बराच वाढतो.

खाडीवारा

डॉक्टर, मनापासून आभार. ही माहिती मूळ धाग्यात जोडून घेतो. आमच्या गटात सिगार हा सणासुदीचा, कधीतरीचा. माझा तर जास्त वेळ डबे, पाकिटं आणि नोंदवहीतच जातो, आणि यातला आनंद मला ओढण्याच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

सीवूड्सवाला

मावसभाऊ दुबईहून येतोय, क्युबन पेटी आणू का विचारतोय. किती आणता येतात? आणि खोटी कशी ओळखायची?

खाडीवारा

२०१६ च्या बॅगेज नियमांत २५ सिगारपर्यंत सवलत होती. नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्यायला सांगा. २५ ची सवलत ही १०० सिगारेट किंवा १२५ ग्रॅम तंबाखू यांच्याऐवजी होती, सगळं मिळून नव्हती.

खोट्याबद्दल: काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कोणी दाखवली की पुढे बोलणंच बंद करा, कंपनी तशी पेटी काढतच नाही. खऱ्या पेटीवर क्युबा सरकारची हिरवट हमीपट्टी असते, अलीकडच्या पट्ट्यांवर होलोग्राम आणि बारकोड असतो. पेटीच्या तळाला कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि महिना-वर्ष उमटवलेलं असतं. पेटी उघडल्यावर सगळ्या सिगारांचा रंग डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत जातो, पट्ट्या एका रेषेत, एकाच उंचीवर. डोक्याकडची, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरची, पानाची टोपी गोल वळसे घेत गुळगुळीत बसवलेली असते. कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसली तर शंका घ्या. भारतात दुकानातून घेत असाल तर खोक्यावर चित्रमय इशारा, आयातदाराचं नाव-पत्ता आणि छापील किंमत असायलाच हवी. ती नसेल तर माल कुठल्या वाटेने आला ते उघड आहे. आणि क्युबन म्हणजेच उत्तम हे डोक्यातून काढा. निकाराग्वात एस्तेलीच्या आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या पानांचे सिगार आज कुठेही कमी पडत नाहीत.

नेरूळचा_नवखा

शेवटचा प्रश्न. गणपतीला गावी चाललोय, दहा-बारा दिवस घर बंद, एसी बंद. डब्याचं काय करू?

मसाला_गल्ली

नवखे दादा, नवीन माल फ्रीझरच्या प्रक्रियेतून गेलेला असेल तरच डब्यात राहू द्या. जो गेलेला नाही तो दोन पिशव्यांत फ्रीझरमध्येच ठेवून जा, वीज जाऊन-येऊन राहिली तर मात्र घाईने बाहेर काढू नका, आधी फ्रिजमध्ये.

खाडीवारा

आणि डब्यात नेहमीपेक्षा एक पाकीट जास्त टाका, ६२ चं, न फुगलेलं. क्लिपा लावल्यावर कडेभोवती चिकटपट्टीचा एक वळसा द्या. डबा आतल्या खोलीत कपाटाच्या तळाला, वर जाड चादर. परत आल्यावर पहिल्या दिवशी उघडू नका, आधी एसी सुरू करून खोली गार होऊ द्या, मग दुसऱ्या दिवशी मापक बघा. ६८ च्या आत असेल तर काही करायचं नाही.